सैनिकाच्या पेटीतील कागदपत्रे : घरची ठेव, इतिहासाचे साधन

पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या रणभूमीवर लढणाऱ्या भारतीय शिपायांची पत्रे १९१४ च्या अखेरीपासून एका विशेष कचेरीमार्फत तपासली जात असत. कॅप्टन हॉवेल हे या कचेरीचे प्रमुख होते. शिपायांच्या मनाचा कल समजावा, या हेतूने त्यांच्या पत्रांतील निवडक उतारे इंग्रजीत भाषांतरित करून अहवालासोबत वरिष्ठांकडे पाठविले जात. हे अहवाल आज लंडन येथील ब्रिटिश लायब्ररीत सुरक्षित आहेत आणि जगभरचे अभ्यासक त्यांचा उपयोग करतात. त्यांत उर्दू, पंजाबी, हिंदी पत्रांबरोबर मराठी पत्रांचेही उतारे आहेत. परंतु ते इंग्रजीत आहेत. शिपायाने स्वतःच्या भाषेत लिहिलेले वा कोणाकडून लिहवून घेतलेले मूळ पत्र, ते अडवून ठेवले गेले नसेल तर, त्याच्या गावी रवाना झाले.

म्हणजे त्या पत्रातील मूळ मराठी शब्द आज कोठे शिल्लक असतील, तर ते लंडनमध्ये नव्हे. बेळगाव, खानापूर, चंदगड, सावंतवाडी वा सातारा भागातील एखाद्या घराच्या माळ्यावर, गंज चढलेल्या लोखंडी ट्रंकेत असतील. ती ट्रंक कोणी उघडते काय, उघडल्यावर आतील कागदांचे काय होते, हा प्रश्न केवळ त्या घरापुरता राहत नाही. जुने घर पाडून नवे बांधताना, भावाभावांत वाटणी होताना किंवा दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत असे कागद रद्दीत जातात, नाही तर बंबात जळतात. त्यात कोणाचा वाईट हेतू नसतो. कागदांचे मोल कोणी सांगितलेले नसते, एवढेच.

पेटीत काय असते

युद्धावर जाऊन आलेल्या अथवा तेथेच कामी आलेल्या सैनिकाच्या घरी सामान्यतः पुढील वस्तू आढळतात. पत्रे व पोस्टकार्डे, मनिऑर्डरच्या पावत्या, पलटणीकडून आलेली तार, भरतीचा व सेवामुक्तीचा दाखला, पेन्शनचे पुस्तक, छायाचित्रे, पदके व त्यांच्या रंगीत फिती, गणवेशाचा एखादा भाग, बिल्ला, पट्टा, जेवणाचा डबा. दुसऱ्या महायुद्धात युद्धकैदी झालेल्या जवानांच्या घरी छावणीतून आलेली छापील पत्रके सापडू शकतात. कारण जून १९४२ मध्ये टोब्रुक पडले तेव्हा कैदी झालेल्यांत मराठा पलटणीचे जवानही होते.

यांतील काही वस्तूंची ओळख सहसा पटत नाही. पहिल्या महायुद्धात मृत्यू पावलेल्यांच्या वारसांना ब्रिटिश सरकारने काशाची एक गोल तबकडी दिली होती. तिचा व्यास सुमारे १२ सेंटिमीटर असून तिच्यावर ब्रिटानिया देवतेची आकृती, सिंह आणि मृताचे नाव आहे. नावापुढे हुद्दा मुद्दामच घातलेला नाही, कारण बलिदानात हुद्द्याचा भेद नको, असा त्यामागे विचार होता. घरात ही तबकडी एखाद्या जुन्या पितळी ताटलीप्रमाणे पडून राहते आणि भंगारवाल्याकडे जाते. त्याच युद्धातील चांदीचे पदकही चांदीचे भाव चढले की सोनाराच्या मुशीत जाण्याचा धोका असतो.

पदकाच्या कडेवर बारीक अक्षरांत सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. कडेवरचा हा क्रमांक फार महत्त्वाचा होय. एकाच पलटणीत एकाच नावाचे अनेक शिपाई असत आणि इंग्रज लेखनिकांनी मराठी नावे वाटेल तशी लिहिलेली असत. अशा वेळी खरा माणूस ओळखण्याची किल्ली म्हणजे हा क्रमांक.

सरकारी दप्तर असताना घरच्या कागदांची गरज काय?

सैन्याची दप्तरे नीट ठेवलेली असतात, मग घरच्या चिठ्ठ्याचपाट्यांना महत्त्व कशासाठी द्यावे, अशी शंका पुष्कळांना येते. तिचे उत्तर बसऱ्याच्या स्मारकावरून मिळते.

पहिल्या महायुद्धात मराठा पलटणींचा मोठा भाग मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढत होता. कुत-अल-अमारा येथील वेढ्यात मराठा पलटणी अडकल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील सैन्याने शरणागती पत्करली आणि सुमारे १३ हजार लोक तुर्कांच्या कैदेत गेले. त्यांत बहुसंख्य भारतीय होते. या आघाडीवर मृत्यू पावलेल्या व ज्यांच्या समाधीचा ठावठिकाणा नाही अशा ४० हजारांहून अधिक सैनिकांचे स्मारक बसरा येथे उभारले गेले. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावे कोरण्यात आली. भारतीय अधिकाऱ्यांचीही नावे आली. परंतु साध्या भारतीय शिपायांच्या बाबतीत पलटणीचे नाव आणि मृतांचा आकडा एवढेच कोरण्यात आले. युद्धस्मारकांची देखभाल करणाऱ्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने एप्रिल २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात अशी असमानता झाल्याचे मान्य केले आणि त्याबद्दल क्षमा मागितली. त्या अहवालानुसार किमान १ लाख १६ हजार मृतांची, त्यांत बहुसंख्य आफ्रिकी व मध्यपूर्वेतील, नावाने नोंदच स्मारकांवर झाली नाही.

दगडावर ज्याची संख्या झाली, त्या माणसाचे नाव, गाव, आईवडील, शेत, कर्ज आणि काळजी हे सारे घरच्या कागदांत असते. त्या काळच्या शिपायांच्या पत्रांचे जे उतारे उपलब्ध आहेत, त्यांत लढाईपेक्षा घरचीच चौकशी अधिक आहे. पाऊस कसा आहे, जमिनीचा वाद मिटला काय, पाठविलेले पैसे पोहोचले काय, बहिणीचे लग्न कोठे जमले, हेच पुन्हा पुन्हा विचारलेले दिसते. सरकारी दप्तरात शिपाई कोठे लढला याची नोंद मिळते. तो कशासाठी गेला आणि त्याच्यामागे घर कसे चालले, याची नोंद मिळत नाही. मनिऑर्डरच्या पावतीवरील अंगठ्याचा ठसा त्या काळच्या एका स्त्रीची कदाचित एकमेव लेखी खूण असेल. पेन्शनच्या पुस्तकातील एकेका महिन्याच्या नोंदीवरून तिने किती वर्षे एकटीने संसार रेटला, हे कळून येते.

शौर्याची सर्वोच्च पदके मिळविणाऱ्यांची नावे अर्थातच इतिहासात आहेत. १० जुलै १९४४ रोजी इटलीत धारातीर्थी पडलेले नाईक यशवंत घाडगे आणि ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतच सेनिओ नदीवर पराक्रम गाजविणारे शिपाई नामदेव जाधव, या दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडगे यांची समाधी कोठे आहे ते ज्ञात नाही. त्यांचे नाव कासिनो येथील स्मारकावर आहे. परंतु दुसऱ्या महायुद्धात सुमारे २५ लाख भारतीय सैन्यात होते आणि त्यांपैकी ८७ हजारांवर मृत्यू पावले. त्यांतील बहुतेकांविषयी कोणी पुस्तक लिहिलेले नाही. त्यांचे चरित्र असलेच तर ते या पेट्यांत आहे.

संस्थानी मुलखातील घराण्यांच्या बाबतीत ही गोष्ट अधिकच खरी आहे. बडोदे, ग्वाल्हेर, इंदूर, हैदराबाद या संस्थानांच्या स्वतःच्या फौजा होत्या. हैदराबादचे घोडदळ पहिल्या महायुद्धात पॅलेस्टाइनच्या मोहिमेत होते; ग्वाल्हेरच्या पलटणीही परदेशी गेल्या होत्या. विलीनीकरणानंतर यांतील काही फौजा भारतीय सेनेत सामावल्या, काही विसर्जित झाल्या. त्यांची दप्तरे ठिकठिकाणी विभागली गेली. अशा वेळी घरातील एक सनद वा एक छायाचित्रही मोठा दुवा ठरू शकते.

घरी घ्यावयाची काळजी

कागदपत्रे अभिलेखागाराकडे द्यावयाची असोत वा घरीच ठेवावयाची असोत, काही पथ्ये पाळणे अगत्याचे आहे.

पहिले पथ्य असे की, सापडलेली वस्तू सापडली त्या क्रमानेच ठेवावी. पत्रांचा गठ्ठा ज्या दोरीने बांधलेला असेल त्यातील अनुक्रम मोडू नये. पाकिटे फेकून देऊ नयेत, कारण तारीख, टपाल कचेरी आणि तपासणीचा शिक्का बहुधा पाकिटावरच असतो. न वाचता येणारे कागद निरुपयोगी समजू नयेत. ते मोडी लिपीत असू शकतील आणि मोडी वाचणारे जाणकार आजही आहेत.

दुसरे पथ्य दुरुस्तीच्या मोहाविषयीचे आहे. फाटलेल्या पत्राला चिकटपट्टी लावू नये. ती काही वर्षांत पिवळी पडते व तिचा गोंद कागदात मुरतो. बाजारात मिळणारे प्लॅस्टिकचे लॅमिनेशन तर कधीही करू नये. उष्णतेने चिकटविलेले प्लॅस्टिक कागदाला इजा न करता काढता येत नाही. टाचण्या व पिना गंजतात, म्हणून त्या हलक्या हाताने काढाव्यात. घड्या बळाने उलगडू नयेत. कागदावर शाईने वा बॉलपेनने काही लिहू नये. छायाचित्रातील व्यक्तींची नावे मागील बाजूस कडेला मऊ शिसपेन्सिलीने, दाब न देता लिहावीत.

तिसरे पथ्य हवामानाचे. कागदाचा मोठा शत्रू म्हणजे दमटपणा. अभिलेखागारात तापमान साधारण २२ ते २५ अंश सेल्सियस व हवेतील आर्द्रता ४५ ते ५५ टक्के राखण्याचा प्रयत्न असतो. कोकण, गोवा आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात ही आर्द्रता याहून कितीतरी अधिक असते आणि बुरशी धरते. म्हणून पेटी जमिनीवर किंवा भिंतीला टेकून ठेवू नये. फळीवर, कोरड्या खोलीत ठेवावी. स्वयंपाकघराशेजारची जागा व तापणारा पत्र्याचा माळा टाळावा. पावसाळा संपल्यावर कोरड्या दिवशी सावलीत कागद मोकळे करावेत. उन्हात वाळत घालू नयेत, कारण उन्हाने शाई उडते. कसर व वाळवी यांवर दर दोनतीन महिन्यांनी नजर ठेवावी. पूर्वी पोथ्यांच्या रुमालात वेखंडाची पुरचुंडी ठेवीत. ती आजही ठेवता येईल, मात्र पुरचुंडी कागदाला लागू देऊ नये.

पदके घासून चकचकीत करण्याची हौस पुष्कळांना असते. चिंच, राख वा बाजारी पॉलिश यांनी पदक चमकते खरे, परंतु कडेवरची अक्षरे दरवेळी थोडी झिजतात. पदक मऊ सुती कापडात गुंडाळून ठेवावे, फीत काढू नये. लोकरी गणवेश धुऊ नये.

एक सूचना सुरक्षिततेची. पेटीत काडतूस, हातबाँब अथवा तोफगोळ्यासारखी वस्तू आढळल्यास ती हलवू नये, उघडू नये. नजीकच्या पोलीस ठाण्यास ताबडतोब कळवावे. बंदूक आढळल्यासही शस्त्र कायद्याप्रमाणे पोलिसांस कळविणे आवश्यक आहे.

कागदाइतकीच महत्त्वाची आहे ती आठवण. घरातील वडीलधाऱ्या माणसांना जे ठाऊक आहे ते त्यांच्या हयातीतच लिहून घ्यावे किंवा ध्वनिमुद्रित करावे. छायाचित्रात डावीकडून तिसरा कोण, हे सांगणारी आजी गेली की ते छायाचित्र मुके होते.

अभिलेखागारात काय होते

अभिलेखागार म्हणजे सरकारी कागदांचे गोदाम, अशी एक समजूत आहे. वस्तुतः खाजगी कागदपत्रे स्वीकारणे हेही अभिलेखागारांचे काम आहे. सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३ अन्वये राष्ट्रीय अभिलेखागार ऐतिहासिक वा राष्ट्रीय महत्त्वाचे कागद खाजगी व्यक्तींकडून देणगी म्हणून, खरेदीने अथवा अन्य रीतीने घेऊ शकते. या संस्थेची स्थापना ११ मार्च १८९१ रोजी कलकत्ता येथे झाली. ती आज नवी दिल्लीत आहे. राज्याराज्यांची स्वतंत्र अभिलेखागारेही आहेत. गोव्याच्या अभिलेखागाराची परंपरा तर १५९५ पर्यंत मागे जाते. त्या वर्षी इतिहासकार दियोगो दो कौतो यांची दप्तराचे रक्षक म्हणून नेमणूक झाली होती. मुंबई व पुणे येथे महाराष्ट्राची, वडोदरा येथे गुजरातची, हैदराबाद येथे तेलंगणाची अशी दप्तरे आहेत. लष्करी वस्तूंच्या बाबतीत रेजिमेंटची संग्रहालये हेही योग्य स्थान होय. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र १९२२ पासून बेळगाव येथे आहे. कोणतीही संस्था निवडली तरी ती अशा वस्तू स्वीकारते काय व कोणत्या अटींवर, हे आधी पत्राने विचारून घ्यावे.

कागद दाखल झाले की प्रथम नोंदवहीत त्यांची नोंद होते व त्यांना क्रमांक मिळतो. कीड व बुरशी घालविण्यासाठी त्यांवर प्रक्रिया करतात. धूळ झाडून, घड्या सावकाश मोकळ्या करून, गरज असेल तेथे पातळ कागदाने आधार दिला जातो. मग आम्लविरहित वेष्टनात ठेवून सूची तयार होते. सूची हीच अभिलेखागाराची खरी किल्ली आहे. सूचीत नसलेला कागद असून नसल्यासारखाच. अलीकडे अनेक संग्रहांच्या संगणकीय प्रती काढल्या जातात; राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर कागद घरबसल्या पाहता येतात.

कुटुंबांच्या शंका

पूर्वजांची ठेव परक्याच्या हाती कशी द्यावी, हा प्रश्न स्वाभाविक आहे आणि त्याचा उपहास करणे योग्य नाही. ज्या घरात आजोबांच्या छायाचित्राला दसऱ्याला हार घातला जातो, त्या घराने ते छायाचित्र देऊन टाकावे असे कोणी म्हणणार नाही. मार्ग अनेक आहेत. मूळ कागद अभिलेखागारास देऊन घरी उत्तम प्रत ठेवता येते. किंवा मूळ घरी ठेवून केवळ प्रत संस्थेस देता येते. पदके घरी आणि पत्रे अभिलेखागारात, अशी विभागणीही शक्य आहे. मात्र कोणती वस्तू कोठे आहे, याची एक यादी दोन्ही ठिकाणी असावी.

मूळ वस्तू द्यावयाची ठरल्यास दानपत्र लेखी करावे. त्यात वस्तूंची यादी, देणाऱ्याचे नाव, मालकी संस्थेकडे जाते की केवळ ठेव म्हणून वस्तू दिली आहे, प्रती कोणास मिळाव्यात, या बाबी स्पष्ट असाव्यात. घरातील आजार, कलह वा कर्ज यांचे उल्लेख असलेली पत्रे अमुक वर्षे कोणास दाखवू नयेत, अशी अट घालता येते. कागद ज्याच्या हाती आहे तो कागदाचा धनी असला, तरी मजकूर प्रसिद्ध करण्याचा हक्क लिहिणाऱ्याच्या वारसांचा असतो, हेही ध्यानी ठेवावे. म्हणून सर्व भावंडांची संमती आधीच घेणे श्रेयस्कर. पेटी एकाच्या घरी असते, परंतु आजोबा सर्वांचे असतात. स्वातंत्र्योत्तर युद्धांतील कागदांत नकाशा, हुकूम यांसारखे सरकारी स्वरूपाचे काही आढळल्यास, ते कोणास दाखविण्यापूर्वी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा सल्ला घ्यावा.

पदके व जुने कागद विकत मागणारे लोकही गावोगाव फिरतात. एकदा संच फुटला की पदक एकीकडे व पत्र दुसरीकडे जाते आणि दोहोंचा अर्थ हरवतो. शिवाय पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुने ऐतिहासिक मोलाचे हस्तलिखित वा कागद पुरावस्तू ठरू शकतात. त्या परवान्याशिवाय देशाबाहेर पाठविणे गुन्हा आहे.

गाव, शाळा आणि अधिकारी

या कामी शिक्षकांचे साहाय्य मोलाचे ठरेल. अनेक गावांत, या गावातून इतके लोक महायुद्धास गेले व त्यांपैकी इतके मृत्यू पावले, अशा अर्थाची संगमरवरी पाटी शाळेच्या वा चावडीच्या भिंतीत बसविलेली आढळते. तीवर बहुधा आकडेच असतात, नावे नसतात. ती नावे शोधणे हा इतिहासाचा उत्कृष्ट पाठ होईल. मुलांनी घरोघर विचारून, पदकाच्या कडेवरचा क्रमांक उतरून, वृद्धांच्या आठवणी लिहून घेऊन गावाची यादी तयार करावी आणि राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीशी ती ताडून पाहावी. त्या यादीत अनेक भारतीय सैनिकांच्या पित्याचे नाव व गावही दिलेले आहे. मुलांनी मूळ कागद शाळेत आणू नयेत. त्यांची छायाचित्रे घ्यावीत.

ग्रामपंचायतीने जुनी इमारत पाडताना अशी पाटी मलब्यात जाऊ देऊ नये. गावातील ज्या घरांत सैनिकी कागद आहेत त्यांची साधी नोंदवही ठेवल्यास पूर, आग वा घरबांधणीच्या प्रसंगी कोणते घर सावध करावे, हे तरी कळेल.

पहिल्या महायुद्धास शंभर वर्षे उलटली. त्यातून परतलेले कोणी आज हयात नाही आणि दुसऱ्या महायुद्धातील सैनिकही आता विरळाच आहेत. त्यांच्याकडून जे ऐकावयाचे होते ते बव्हंशी राहून गेले. जे वाचावयाचे आहे ते मात्र अजून हाती येऊ शकते. बसऱ्याच्या दगडावर जो केवळ एक आकडा होऊन राहिला, त्याचे नाव गावातील एखाद्या ट्रंकेत, मनिऑर्डरच्या पावतीवर, लेखनिकाच्या वळणदार अक्षरात आजही लिहिलेले असेल. येत्या दिवाळीच्या साफसफाईत ती ट्रंक खाली उतरेल, तेव्हा रद्दीवाल्यास हाक मारण्यापूर्वी तिच्यातील प्रत्येक कागद एकदा उलटून पाहावा.